सिद्धांत पाठ झाले, आता लावायचे कसे? पोखरणवरून आंतरराष्ट्रीय संबंधांची तोंडओळख

प्रश्न असा आला आहे: वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद, मार्क्सवाद यांची लक्षणे पाठ आहेत, पण एखादी घटना समोर आली की कोणता सिद्धांत कुठे लावायचा ते सुचत नाही. आणि या सगळ्यात कौटिल्याला कुठे बसवायचे?

बहुतेकांची गाडी अडते ती सिद्धांतापाशी पोचण्याच्या आधीच. ‘भारताने अणुचाचण्या का केल्या?’ हा प्रश्न एक वाटतो, पण त्याच्या पोटात निदान तीन प्रश्न आहेत. भारताला अण्वस्त्रे हवीशी का वाटली? क्षमता हाताशी असताना ती झाकून न ठेवता उघड चाचणी का केली? आणि ती १९९८ मध्येच का, १९६६ किंवा १९८५ मध्ये का नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तम उत्तर देणारा सिद्धांत तिसऱ्यावर अनेकदा गप्प बसतो. वर्गात आणि वर्तमानपत्रांत जे ‘सिद्धांतांचे वाद’ दिसतात, त्यांतले निम्मे असेच असतात. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि एकमेकांना खोडत बसतात. म्हणून आधी प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्यात तुलना घाला. ‘अमुक का घडले’ असे न लिहिता ‘तमुक न घडता अमुक का घडले’ असे लिहा.

मग कागदावर चार रकाने पाडा. पहिल्यात लिहा, या सिद्धांताच्या मते गोष्टी हलवतो कोण किंवा काय. दुसऱ्यात, कारणापासून परिणामापर्यंतची साखळी. तिसऱ्यात, हे खरे असेल तर प्रत्यक्ष काय दिसायला हवे. चौथ्यात, काय दिसले तर हे चुकीचे ठरेल. चौथा रकाना लोक रिकामा सोडतात आणि मग घडून गेलेली कोणतीही गोष्ट कोणत्याही सिद्धांतात बसवता येते. पोखरण हे उदाहरण पुढे मुद्दाम धरले आहे, कारण तिथे चारही रकाने भरता येतात.

घटनाक्रम एवढा लक्षात ठेवा. १९६२ चे चीनशी युद्ध. १६ ऑक्टोबर १९६४ ला लोप नोर इथे चीनची पहिली चाचणी. १८ मे १९७४ ला पोखरणला भारताचा ‘शांततामय’ स्फोट, ज्याचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतून आले होते. डिसेंबर १९९५ मध्ये नरसिंह राव सरकारच्या काळात पोखरणला चाललेली तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली, बातमी फुटली, दबाव आला, चाचणी झाली नाही. मार्च १९९८ मध्ये वाजपेयी सरकार आले. ६ एप्रिलला पाकिस्तानने घौरी क्षेपणास्त्र उडवले. ११ मेला तीन आणि १३ मेला दोन असे पोखरणचे पाच स्फोट. २८ आणि ३० मेला पाकिस्तानच्या चाचण्या.

आता वास्तववाद. राज्यांच्या डोक्यावर निवाडा देऊन तो अमलात आणणारी सत्ता नाही. शेजाऱ्याचा हेतू आज काय आहे ते नक्की कळत नाही, उद्या काय असेल ते तर मुळीच नाही. म्हणून प्रत्येक राज्य शेवटी स्वतःच्या बळावर भिस्त ठेवते. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये याचे मूळ माणसाच्या सत्ताकांक्षेत शोधले. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये ते माणसाच्या स्वभावातून उचलून व्यवस्थेच्या रचनेत ठेवले: राजे भले असोत वा बुरे, वर सत्ता नाही आणि बळाची वाटणी असमान आहे, एवढ्यावरून त्यांच्यावर विशिष्ट दाब येतो. हा दाब पेलायचे मार्ग दोन. एक, स्वतःचे सैन्य, शस्त्रे, अर्थबळ वाढवणे. दुसरा, मित्र जोडणे.

पोखरणला लावून पाहा. चीनशी युद्ध हरलो, दोन वर्षांत त्याच्याकडे अणुबॉम्ब आला, १९६३ मध्ये चीन आणि पाकिस्तान यांनी सीमाकरार केला. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत कराराने भारताने दुसरा मार्ग धरला. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला, बाहेरचा आधार गेला, म्हणून भार पहिल्या मार्गावर आला. साखळी सुबक आहे.

पण चौथा रकाना उघडा. मित्राचा आधार असताना स्वतःच्या बॉम्बची गरज कमी भासायला हवी. मग मे १९७४ मध्ये, करार होऊन तीन वर्षेही झाली नसताना, स्फोट कशाला? वास्तववादी उत्तर देतात की १९७४ चा स्फोट म्हणजे क्षमतेचे प्रदर्शन, शस्त्रसज्जता नव्हे. शस्त्रे बनवण्याचा वेग नंतर, पाकिस्तानचा कार्यक्रम आणि त्याला मिळणारी चिनी मदत दिसू लागल्यावर वाढला. हे उत्तर वाईट नाही. मात्र सिद्धांताचा प्रश्न इथे बदलला हे तुमच्या लक्षात यायला हवे: ‘चाचणी का’ वरून आपण ‘शस्त्रसज्जता का’ वर सरकलो. शिवाय १९९१ ते १९९८ ही सात वर्षे उरतातच. वॉल्ट्झ यांनी स्वतःच स्पष्ट केले होते की त्यांचा सिद्धांत परराष्ट्र धोरणाचा नाही. तो दाब सांगतो, एखादे राज्य कोणत्या महिन्यात काय करेल ते सांगत नाही. परीक्षेच्या उत्तरात हे एक वाक्य आले तर वाचणाऱ्याला कळते की पुस्तक खरोखर उघडले आहे.

घौरीचे काय? घौरी ६ एप्रिलला उडाले आणि पाच आठवड्यांनी पोखरण झाले, म्हणून घौरी हे कारण, असे लिहिणारे पुष्कळ. क्रम तपासा. तयारी १९९५ मध्येच दिसली होती, म्हणजे इच्छा आधीची. घौरीने फार तर निर्णय सोपा केला. आधी घडले म्हणून ते कारण, ही चूक या विषयात सगळ्यात जास्त होते. तारखांचेही तसेच. एनपीटीला, म्हणजे अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला, अनिश्चित काळाची मुदतवाढ ११ मे १९९५ ला मिळाली आणि चाचण्या ११ मे १९९८ ला झाल्या. जुळणी डोळ्यांत भरते, पण तो योगायोग आहे; त्यावर काही बांधू नका.

दुसरे स्पष्टीकरण राज्याच्या आतले. १९९८ च्या जाहीरनाम्यात भाजपने अण्वस्त्रांचा पर्याय वापरण्याची भूमिका मांडली होती, सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत चाचणी केली. यातून ‘कधी’ चे उत्तर बरेच मिळते. पण काँग्रेसच्या राव सरकारनेही १९९५ मध्ये तेच करू पाहिले, तेव्हा केवळ पक्षाच्या विचारसरणीवर भिस्त ठेवता येत नाही. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले तर फरक असा दिसतो: इच्छा दोघांकडे होती, तयारी झाकण्यात १९९८ चे लोक यशस्वी झाले, आणि निर्बंध सोसण्याची राजकीय तयारी वाजपेयी सरकारकडे जास्त होती. या फरकातला मधला भाग, म्हणजे उपग्रहांच्या नजरेतून सुटणे, कोणत्याच मोठ्या सिद्धांतात बसत नाही. बसवण्याचा हट्टही धरू नये.

वॉल्ट्झ यांनीच १९५९ मध्ये कारणे तीन स्तरांवर लावायला सांगितली: व्यक्ती, राज्य, व्यवस्था. स्तर ठरवणे म्हणजे खण ठरवणे, उत्तर देणे नव्हे. ‘वाजपेयींचे व्यक्तिमत्त्व’, ‘भाजपचा जाहीरनामा’ आणि ‘सोव्हिएत संघाचा अस्त’ ही तीन कारणे एकाच वाक्यात स्वल्पविरामाने जोडली की उत्तर भरल्यासारखे दिसते, पण कोणते कारण किती वजनाचे हे सांगितलेलेच नसते.

उदारमतवादाबद्दलचा पहिला गैरसमज म्हणजे हे भाबड्या शांतताप्रेमींचे दर्शन. रॉबर्ट केओहेन आणि जोसेफ नाय यांचे १९७७ चे लिखाण वाचले की तो जातो. त्यांचा मुद्दा असा की परस्परावलंबन हीसुद्धा सत्ताच आहे, कारण ते सहसा विषम असते. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. धोरण न बदलता लगेच बसणारी झळ एक. आणि धोरण बदलून, पर्याय शोधूनही जी किंमत मोजावीच लागते ती दुसरी. खरी पकड दुसरीत असते.

तारापूर हे याचे चोख उदाहरण. १९६३ च्या करारानुसार तिथल्या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे होते. १९७४ च्या स्फोटानंतर कुरबुर सुरू झाली आणि १९७८ च्या अमेरिकी कायद्याने पुरवठ्याची वाट अडली. झळ बसली. पण १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठा करायचे ठरले. म्हणजे भारताला झळ बसत होती, तरी अमेरिकेच्या मुठीत तो पूर्ण सापडला नव्हता. ‘व्यापार वाढला की युद्ध टळते’ या एका ओळीत उदारमतवाद उरकणाऱ्याला हा भेद दिसत नाही. (व्यापार आणि सत्ता वेगळ्या काढता येत नाहीत हे आपल्याकडे जुनेच आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य बजावतात की टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांची राज्ये आहेत.)

संस्थांकडे वळू. एनपीटीच्या नवव्या कलमानुसार १ जानेवारी १९६७ च्या आधी स्फोट केलेली राष्ट्रेच अण्वस्त्रधारी. चीन १९६४ मुळे आत, भारत कायमचा बाहेर. १९९५ मध्ये ही वाटणी अनिश्चित काळासाठी पक्की झाली. पाठोपाठ १९९६ मध्ये सीटीबीटी, म्हणजे सर्व अणुचाचण्यांवर बंदीची संधी, आली, आणि तिच्या अंमलासाठी ज्या ४४ राष्ट्रांची मान्यता आवश्यक ठरवली, त्यांत भारताचे नाव होते. सहीसाठी ती २४ सप्टेंबर १९९६ ला खुली झाली. तीन वर्षांत अंमल सुरू झाला नाही तर पुढचा मार्ग ठरवण्यासाठी परिषद, अशी तरतूद होती. दिल्लीतून पाहिले तर दार बंद होत होते आणि बंद होण्याची अंदाजे तारीखही कळत होती. संस्थांचा सिद्धांत म्हणतो की नियम राज्यांच्या नफातोट्याचे गणित आणि वेळापत्रक बदलतात. इथे नेमके तेच झाले, फक्त दिशा उलटी: चाचण्या थांबवण्यासाठी केलेल्या नियमांनी चाचणीची घाई निर्माण केली. ‘१९९८ मध्येच का’ या प्रश्नाला माझ्या मते हे सगळ्यात भक्कम उत्तर आहे आणि नेमके तेच बहुतेक उत्तरांतून गळते, कारण विद्यार्थी उदारमतवाद फक्त ‘सहकार्य’ या शीर्षकाखाली शोधतात.

रचनावाद विचारतो की बॉम्बला अर्थ कोण देतो. अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ मध्ये मांडले की वर सत्ता नसणे ही परिस्थिती स्वतःहून वैर शिकवत नाही. राज्ये एकमेकांशी जशी वागत आली, त्यातून शत्रू, प्रतिस्पर्धी किंवा मित्र ही ओळख घडते. पोखरणनंतर भाजपचे नेते जसवंत सिंह यांनी परदेशी नियतकालिकात जो लेख लिहिला, त्यात भारताची तक्रार ‘आण्विक वर्णभेद’ या शब्दांत मांडली. चिनी क्षेपणास्त्रांची संख्या मोजून हा शब्द सुचत नाही. त्यामागे वसाहतीतून बाहेर पडलेल्या देशाची मानाची भाषा आहे. वासाहतिकोत्तर अभ्यासक याच धाग्यावर काम करतात. त्या मे महिन्यातल्या भाषणांत पौरुषाची भाषा किती होती याकडे स्त्रीवादी अभ्यासकांनी लक्ष वेधले. मार्क्सवादी मांडणी या एका उदाहरणात फारसे काही देत नाही, उगाच ओढू नका. तिचे खरे मैदान कर्ज, कच्चा माल, जागतिक भांडवल हे आहे.

रचनावादाचा सगळ्यात चांगला पुरावा पुढच्या दशकात मिळतो. ६ जून १९९८ ला सुरक्षा परिषदेने ठराव ११७२ ने भारत-पाकिस्तानचा निषेध केला. १८ जुलै २००५ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात तोच भारत ‘प्रगत अणुतंत्रज्ञान असलेले जबाबदार राष्ट्र’ झाला. ६ सप्टेंबर २००८ ला, १९७४ च्या स्फोटामुळेच जन्मलेल्या अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली. शस्त्रे तीच होती, कमी झाली नव्हती. बदलली ती ओळख. यावर वास्तववादी लगेच म्हणेल की चीन मोठा झाला, अमेरिकेला आशियात जोडीदार हवा होता, ओळखीचे शब्द नंतर चिकटवले. दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवायला भाषणे पुरत नाहीत. भाषणे समर्थनासाठी लिहिली जातात. वाजपेयींनी क्लिंटन यांना पाठवलेले आणि लगेच छापून आलेले पत्रही तसेच: त्यात चीनचे नाव न घेता १९६२ ची आठवण आहे, पण ते वाचणारा अमेरिकेचा अध्यक्ष होता. ज्याला पटवायचे आहे त्याच्यासाठी लिहिलेला कागद हेतूचा पुरावा म्हणून अर्ध्या वजनानेच धरावा.

आता एक संकल्पना, जी सर्रास चुकीची वापरली जाते: सुरक्षेचा पेच. मी बचावासाठी शस्त्र घेतो, तुम्हाला ते हल्ल्याचे वाटते, तुम्ही घेता, दोघेही आधीपेक्षा असुरक्षित होतो. रॉबर्ट जर्व्हिस यांनी १९७८ मध्ये यात दोन कसोट्या घातल्या: त्या काळच्या तंत्रात हल्ला सोपा की बचाव, आणि बचावाचे शस्त्र हल्ल्याच्या शस्त्रापासून ओळखू येते का. पण मूळ अट अशी की दोघांपैकी कोणालाही आहे ती स्थिती मोडायची नसावी. भारत-पाकिस्तानमध्ये काश्मीरवरून खराखुरा दावा आहे. तेव्हा मे १९९८ च्या चाचण्यांना ‘सुरक्षेच्या पेचाचे आदर्श उदाहरण’ म्हणणे अर्धवट आहे. गैरसमज दूर केले असते तरी वाद उरलाच असता.

पुढच्याच वर्षी कारगिल झाले. अण्वस्त्रांनी मोठे युद्ध टळते, म्हणून खालच्या पातळीवर धाडस करायला मोकळीक मिळते, असा एक निष्कर्ष. आणि ते धाडस मर्यादेत राहिले हेही अण्वस्त्रांमुळेच, असा दुसरा. वॉल्ट्झ आणि स्कॉट सेगन यांचा गाजलेला वाद याच मुद्द्यावरचा. कारगिलने ‘लोकशाही राष्ट्रे आपसांत लढत नाहीत’ या सिद्धांतालाही अडचणीत आणले, कारण १९९९ च्या उन्हाळ्यात इस्लामाबादेत नवाझ शरीफ यांचे निवडून आलेले सरकार होते. या सिद्धांताचे संशोधक ‘युद्ध’ मोजताना लढाईत किमान १००० मृत्यू ही रूढ अट लावतात. भारताचा अधिकृत आकडा ५२७, पाकिस्तानचा वादग्रस्त. म्हणजे पाकिस्तानचा कोणता आकडा घेता त्यावर कारगिल युद्ध ठरते किंवा ठरत नाही. शिवाय ज्या देशात सेनेवर सरकारचा ताबा नाही त्याला लोकशाही म्हणायचे का, हाही प्रश्न आहे. दोन्ही हरकती रास्त आहेत. पण व्याख्या घट्ट करत गेले की सिद्धांत वाचतो आणि तो लागू पडणारे देश कमी होतात, याची नोंद उत्तरात घ्या.

कौटिल्य. त्याला ‘भारतीय मॅकियाव्हेली’ किंवा ‘पहिला वास्तववादी’ म्हणून एका ओळीत उरकू नका. त्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या सहाव्या अधिकरणात (भागात) मंडलाची, म्हणजे राजांच्या वर्तुळाची, मोजणी नेमकी आहे: मध्ये विजिगीषू (जिंकू पाहणारा राजा), पुढे अरि (शत्रू), मित्र, अरिमित्र, मित्रमित्र, अरिमित्रमित्र, मागे पार्ष्णिग्राह (पाठीमागचा शत्रू), आक्रंद (पाठीमागचा मित्र) आणि त्यांचे दोन आसार (मित्र), शिवाय मध्यम आणि उदासीन. एकूण बारा. प्रत्येकाच्या अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड (सैन्य) या पाच प्रकृती, म्हणजे राज्याचे घटक, धरल्या की साठ. त्यांत बारा राजे मिळवून बहात्तर. सगळे लक्ष त्या बारांच्या वर्तुळावर जाते आणि साठ विसरले जातात. कौटिल्याचे वेगळेपण तिथेच आहे. वॉल्ट्झ राज्याच्या आत डोकावत नाही. कौटिल्यासाठी अमात्य कसे आहेत, कोश भरलेला आहे का, प्रजा राजी आहे का, यावर षाड्गुण्यातला (सहा धोरणांतला) कोणता गुण वापरायचा ते ठरते. आपण क्षीण तर संधी (तह), वरचढ तर विग्रह (वैर), दोघे सारखे तर आसन (स्वस्थ थांबणे). तीन शक्तींमध्येही तो उत्साहापेक्षा (पराक्रमापेक्षा) कोशदंडाची प्रभुशक्ती आणि तिच्याहूनही मंत्रशक्ती (सल्लामसलतीचे बळ) वर ठेवतो. म्हणून व्यवस्थेचा दाब राज्याच्या अंतर्गत स्थितीतून गाळून पाहणाऱ्या आजच्या नवअभिजात वास्तववादाच्या तो जास्त जवळ आहे. शिवाय तो सल्ला देतो, स्पष्टीकरण नव्हे. ‘शेजारी शत्रू असतो’ हे त्याचे वाक्य निरीक्षण म्हणून तपासायला घेतले तर स्वीडन-नॉर्वे दाखवून कोणीही खोडेल. मूळ ग्रंथ चाळायचा असेल तर मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ मध्ये तीन भागांत काढलेली र. प. कंगले यांची आवृत्ती अजूनही प्रमाण मानली जाते. सहावे आणि सातवे अधिकरण आधी वाचा.

आणखी एक चूक वारंवार दिसते: वास्तववादी म्हणजे युद्धखोर. मॉर्गेन्थाऊ व्हिएतनाम युद्धाचे जाहीर विरोधक होते. सप्टेंबर २००२ मध्ये इराकवरील हल्ला अमेरिकेच्या हिताचा नाही, अशी ३३ अभ्यासकांची जाहिरात छापून आली. सह्या करणाऱ्यांत वॉल्ट्झ, मिअरशायमर, स्टीफन वॉल्ट हे वास्तववादी होते. हिताचा हिशोब करणारा माणूस अनेकदा तत्त्वासाठी लढू पाहणाऱ्यापेक्षा आधी थांबतो.

वाचनाचा क्रम म्हणाल तर, ई. एच. कार यांचे १९३९ चे पुस्तक आधी, कारण त्यात आदर्शवाद आणि वास्तववाद दोघांचीही खरडपट्टी आहे. मग वॉल्ट्झ १९७९ मधली पाचवी-सहावी प्रकरणे, केओहेन-नाय, जर्व्हिस यांचा लेख, वेंट यांचा लेख. संकलित नोट्स शेवटी.

सरावासाठी फक्त बॉम्ब बनवणारे देश घेऊ नका, नाहीतर सगळीच कारणे खरी वाटू लागतील. दक्षिण आफ्रिका घ्या. तिने सहा अणुबॉम्ब बनवले, मोडले, जुलै १९९१ मध्ये एनपीटीवर सही केली आणि मार्च १९९३ मध्ये डी क्लर्क यांनी संसदेत हे उघड केले. क्यूबाचे सैन्य अंगोलातून निघण्याचा करार डिसेंबर १९८८ चा; डी क्लर्क अध्यक्ष झाले सप्टेंबर १९८९ मध्ये; मंडेला सुटले फेब्रुवारी १९९० मध्ये. धोका सरला म्हणून, बहुसंख्याकांच्या सरकारच्या हाती बॉम्ब पडू नये म्हणून, की बहिष्कृत देशाला पुन्हा जगात यायचे होते म्हणून? चार रकाने पाडा आणि चौथ्यापासून भरायला सुरुवात करा.